मुरगळलेला पाय आणि अण्णांची उसण

मंगळवारी सकाळी अंगणातून घरात येताना पायरी चुकली आणि पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म फुगला... या वयात हाड मोडलं नाही हेच नशीब, असं डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले.

आता बर्फ लावायचा, क्रेप बँडेज बांधायचं आणि पाय उशीवर उंच ठेवून पडून राहायचं. पुण्याहून मुलगा धावत आलाय. आणि मी मात्र पलंगावर पडल्या पडल्या थेट माहेरी, काष्टीला जाऊन पोचलेय... नव्वदीला टेकलेली बाई दुसरीकडे जाणार तरी कुठे!

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि आमचे वडील, अण्णा, भिंगारला मिलिटरीच्या गोदामात खोकी उचलायला होते. रजा मिळाली की बाजाराच्या दिवशी रेल्वेने घरी यायचे, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत. धड पोटभर बघणंही व्हायचं नाही.

आता मी पडले पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. आमच्याकडे समजूत अशी, की कुणाच्या कमरेत उसण भरली, चमक निघाली, तर पायाळू माणसाने पाठीला पाय लावायचा... उसण उतरते.

त्यामुळे बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर कोणी ना कोणी पालथं पडलेलं असायचंच. गावातल्या भल्याभल्यांना मी लाथा घालायची आणि वर त्यांच्याच हातचे गूळ-शेंगदाणे खायची. काय तो रुबाब!

एकदा अण्णा आले आणि विहिरीवर भरली घागर उचलताना त्यांच्याच कमरेत उसण भरली. पार वाकडे झाले. घरात सगळे हळहळले, मला मात्र इतका आनंद झाला... सरळ उभं राहता येत नाही म्हणजे भिंगारला जाता येत नाही!

आईने लगेच हाक मारली, "ये गं, लाव पाय." मी सरळ नाही म्हटलं आणि धूम ठोकली, ती मळ्यात कडब्याच्या गंजीवर चढून बसले. मागून आई ओरडत, आणि तिच्या मागून कमरेवर हात ठेवून अण्णा.

आई गंजीवर चढायला लागली तशी मी दुसऱ्या बाजूने उडी टाकली... आणि पाय मुरगळला. मी जो गळा काढला, तो शेजारच्या मळ्यात ऐकू गेला असेल. अण्णा माझ्यापुढे कसेबसे खाली बसले आणि म्हणाले, "बस पाठीवर."

"अवं, कंबर धरलीया ना तुमची!" आई म्हणाली.

"पायाळू पोर हाय. पाठीवर घेतली की उसण आपसूक उतरती का न्हाई बघ."

हे ऐकूनही मला पाठीवर बसावंच लागलं. सगळी वाट मी दोन्ही पाय त्यांच्या अंगापासून लांब, ताठ धरून ठेवले. घोटा नुसता ठणकत होता... पण पाय लागू द्यायचा नाही म्हणजे नाही.

"पाय का गं आसं ताठ धरलंस?" अण्णांनी विचारलं.

"लागला तर तुमी उद्या जाताल."

अण्णा चालता चालता थांबले. मग मला जरा वर सरकवून घेतलं आणि पुन्हा चालायला लागले, अगदी हळूहळू.

घरी आईने आंबेहळद आणि तुरटीचा लेप गरम करून लावला, वरून एरंडाचं शेकलेलं पान बांधलं. दुसऱ्या दिवशी गाडीची वेळ झाली तरी अण्णा अंथरुणातच. "न्हाई उतरली अजून," म्हणाले.

त्याच दुपारी आई मळ्यात गेली होती. मी आत भिंतीला टेकून पाय पसरून बसले होते. बाहेर अण्णांनी ज्वारीचं पोतं उचललं, खांद्यावर टाकलं आणि चांगले ताठ चालत घरात आले... तर समोर मी!

जागच्या जागी थबकले. मग पोतं खाली ठेवून सावकाश वाकले, कमरेवर हात ठेवला आणि असे कण्हले, असे कण्हले की मला हसू आवरेना. आईला आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

माझी सूज उतरेपर्यंत ते राहिले. माझा पाय मांडीवर घेऊन लेप स्वतः बदलायचे, फुंकर घालायचे. इतके दिवस सलग अण्णा मला त्याआधी कधी मिळाले नव्हते... आणि नंतरही कधी मिळाले नाहीत.

एका संध्याकाळी मी ओट्यावरून अंगणात टुणकन उडी मारली. अण्णांनी ते पाहिलं. मग आपणहूनच ओट्यावर पालथे पडले आणि म्हणाले, "लाव आता पाय."

मी लावला. तळव्याला त्यांची पाठ ऊन ऊन लागत होती... पाय उचलावासाच वाटेना. त्यांनीही बराच वेळ "पुरे" म्हटलं नाही. सकाळच्या गाडीने गेले.

अजूनही पाय दुखला की मला औषधाच्या आधी अण्णा आठवतात. फार आठवतात.

काल मुलगा बॅग भरता भरता म्हणाला, "आई, आता पाय टेकवता येतो ना गं?" येतो की... सकाळीच तुळशीला पाणी घालून आले होते. पण मी पाय हळूच उशीवर ठेवला आणि म्हटलं, "अजून जरा कळ आहे रे."

त्याने एकदा पायाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. थोडंसं हसला... आणि बॅगेतून शर्ट काढून पुन्हा खुंटीला लावला.

अण्णा, तुमची ती उसण इतक्या वर्षांनी मला भरली हो...