वहिनीच्या नऊ सवती

बंद पडलेल्या बर्फ कारखान्याची पाण्याची टाकी दिसायला लागल्यापासून धाकटीने दोनदा विचारून झालं होतं. आता तिने तिसऱ्यांदा विचारलं, "दादा, आलं का रे?"

"आलंच की. ती काय टाकी."

"टाकी मघापासून तेवढ्याच लांब आहे. आपण चालतोय तशी ती मागे सरकतेय."

"मास्तरीण, शाळेतल्या पोरांना सहलीला चालवायचीस तेव्हा त्यांना काय सांगायचीस?"

"हेच. आलंच की."

दादा थांबला. चपलेत खडा गेलाय असं दाखवून त्याने कुंपणाला हात टेकला. खडा नव्हता, गुडघा होता. धाकटीला ते कळलं, पण तिने तिकडे पाहिलं नाही. मनातल्या मनात म्हणाली, देवा, याला तिथवर पोचव, मग बाकीचं तू आणि तो बघून घ्या.

धाकटी म्हणजे वय वर्षं एकसष्ट. प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं फळ्यापुढे उभी राहून निवृत्त झालेली. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. या रस्त्यावर बस येत नाही, ती पुलापाशी सोडते आणि पुढे पाऊण तास पायी. दोन्ही बाजूंना गंजलेली शटरं, मधूनच एखादं वेल्डिंगचं दुकान, आणि धूळ. दादा हा रस्ता सव्वीस वर्षं दर रविवारी चालत आला होता. धाकटी आज पहिल्यांदाच चालत होती, तेही वहिनीने पाठवलं म्हणून.

"तू जा त्यांच्याबरोबर," वहिनी सकाळी म्हणाली होती. "हे एकटे गेले तर परत येऊन नुसतं 'बघू' म्हणतील. तुझ्या तोंडून खोटं येत नाही. त्या नऊ जणींनी माझ्या नाकी नऊ आणलेत. आज काय तो निकाल लागू दे."

नऊ जणी म्हणजे दादाची पिनबॉलची यंत्रं. वहिनी त्यांना सवती म्हणायची. काचेखाली उतरती फळी, फळीवर पोलादी गोळी. बाजूचं बटण दाबलं की खालची दोन फळकुटं गोळीला टोला मारतात. गोळी खांबांवर आदळत वर जाते, घंट्या वाजतात, आकडे चढतात, आणि शेवटी ती मधल्या फटीतून खाली जाते ती जातेच. पूर्वी बाजारात अशा खेळांची दुकानं असायची. दादा अडतीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक होता. एका इमारतीच्या लिफ्टचं काम त्याच्याकडे होतं आणि तिच्या तळमजल्यावर असंच एक दुकान होतं. दुकान बंद झालं तेव्हा मालकाने एक यंत्र पायरीवर काढून ठेवलं, पावसात. दादाने मागचं झाकण उघडून आत डोकावलं. आत त्याला ओळखीचे स्विच, ओळखीच्या वायरी, ओळखीचे रिले दिसले. जणू लिफ्टचंच यंत्र कुणीतरी आडवं निजवलं होतं. त्याच दिवशी त्याने हातगाडी बोलावली.

मग कुणीतरी त्याला मासिकातलं एक पान दिलं. त्यात लिहिलं होतं की जुन्या पिनबॉलला आज नव्यापेक्षा जास्त भाव आहे आणि पुढे तो वाढतच जाणार. दादाने ते पान चार घड्या घालून पाकिटात ठेवलं. इतकी वर्षं ठेवलं की घडी झिजून तिथे भोक पडलं, आणि भाव नेमका घडीतच होता. आता पान उघडलं की 'आज याची किंमत' एवढं वाचता येतं आणि पुढे भोक.

"हे आपलं म्हातारपण," असं तो वहिनीला सांगायचा. बँकेत ठेवण्याऐवजी त्याने यंत्रं घेतली. एकेक करत नऊ झाली. बर्फ कारखान्यामागची खोली भाड्याने घेतली आणि रविवार तिकडे जायला लागले.

म्हातारपण आलं ते वहिनीच्या गुडघ्यांतून. दोघं तिसऱ्या मजल्यावर राहतात, बासष्ट पायऱ्या, आणि इमारतीला लिफ्ट नाही. "जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांना वर-खाली नेलं, स्वतःची तेवढी वरच ठेवली," असं वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि स्वतःच हसते. पण चौदा महिने झाले, ती खाली उतरलेली नाही. शेवटची उतरली तेव्हा शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून नेली होती, आणि वर आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दादाने खिडकीला कप्पी लावून एक टोपली सोडली आहे. भाजी, औषधं, पाव, सगळं टोपलीतून वर. "आमची लिफ्ट," वहिनी म्हणते. "माणसं सोडून सगळं चालतं हिला."

तर ठरलं असं होतं की नऊ यंत्रं विकायची आणि तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, उंबरा ओलांडला की रस्ता. वहिनीने घर बघितलंही नव्हतं, पण दाराशी खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवून झालं होतं.

खोलीपाशी यंत्रं बघायला बोलावलेला माणूस आधीच येऊन उभा होता. जुने खेळ, जुन्या गाण्याच्या पेट्या यांची पारख करून गिऱ्हाइकाला देणं हा त्याचा धंदा. त्यामुळे घरी त्याचा उल्लेख पारखी असाच व्हायचा. पंचेचाळिशीचा, डोक्याला विजेरी बांधलेला. नमस्कार झाले. दादाने कुलूप काढलं, मेन स्विच दाबला आणि बाजूला झाला.

धाकटी दारातच थांबली. नऊच्या नऊ यंत्रं भिंतीला लागून उभी होती, अशी चकचकीत की जणू लग्नाला निघाली होती. दिवे लाल, पिवळे, निळे. कुठे धुळीचा कण नाही. तिच्या मनात आलं, वहिनीच्या ओट्यावरची टाइल तीन वर्षं हलतेय.

पारख्याने पहिल्या यंत्रावर एक अख्खा डाव खेळून पाहिला. गोळी सुळसुळ धावत होती. दादा खेळाकडे बघत नव्हता. मान तिरकी करून नुसता ऐकत होता, लिफ्टमध्ये शिरल्यावर ऐकायचा तसाच.

"काका, इतकं छान चालणारं मी बघितलेलं नाही," पारखी म्हणाला.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिने देवाचे आभारही मानून टाकले. जरा घाईच झाली.

पारख्याने मागचं झाकण काढलं, विजेरी आत वळवली, आणि मग बराच वेळ तो तिथेच वाकून राहिला. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. मग पुढच्या बाजूच्या चित्राच्या काचेवर प्रकाश टाकला. काचेवर हातात छत्री घेतलेली, तोल सावरत दोरीवर चालणारी बाई होती.

"ही काच कुणी रंगवली?"

"मीच. रंगाचे पोपडे निघाले होते. बाईचं नाकच गेलं होतं."

"मूळ नाक कसं होतं?"

"मला काय ठाऊक? मी आमच्या हिचं काढलं."

धाकटीने पुढे होऊन पाहिलं. वहिनीचंच नाक होतं, शेंड्याला किंचित वर गेलेलं. तिला हसू आलं, पण पारख्याचा चेहरा बघून ते तिथेच राहिलं.

"आतल्या वायरी नव्या. स्विच नवे. रिले नवे," पारखी म्हणाला. "बाहेरची लाकडं घासून रंगवलीत. हरकत नाही, मूळ भाग ठेवलेत ना? ते परत बसवता येतात. कुठे आहेत?"

"फोडले."

"म्हणजे?"

"काढलेला भाग जागेवरच फोडायचा. हातोड्याने." दादा हे असं सांगत होता जसं पोराला पाढा सांगावा. "आमच्यात तसंच असतं. नुसता काढून ठेवला तर उद्या घाईत दुसरा कुणीतरी चांगला समजून तोच बसवतो, आणि लिफ्ट खाली येते. मी उमेदवारीत असताना आलीय. तेव्हापासून माझ्या हातून काढलेला भाग अखंड राहिलेला नाही."

"नऊचेही?"

"नऊचेही. फोडून भंगारात."

पारख्याने विजेरी बंद केली. रागावला नाही, उलट आवाज खाली आणून बोलला. "काका, लिफ्टमध्ये माणसं असतात. यात एक गोळी असते."

खिशातून फडकं काढून दादाने काचेवरचा पारख्याच्या बोटांचा ठसा पुसला.

मग बोलायचं ते धाकटीलाच बोलावं लागलं. "स्पष्ट सांगा. आम्ही यावर घर घेणार होतो. गुंतवणूक म्हणून हे बरं होतं की नाही?"

"ताई, लोक मला रोज हेच विचारतात. काहींचं भलं झालंय, नाही असं नाही. पण ज्याने घेऊन कोरड्या खोलीत ठेवलं आणि हात लावला नाही, त्याचं. गिऱ्हाइकाला जुनं जुन्यासारखं हवं असतं. पोपडे निघालेले चालतात, नाक गेलेलं चालतं. आणि या खोलीचं सव्वीस वर्षांचं भाडं धरलंत का? मोठं काही बिघडलं तर दुरुस्तीला माणूस मिळत नाही, हलवायचं तर चार माणसं लागतात. आवड असेल तर घ्यावं. म्हातारपणाची सोय म्हणून मी माझ्या भावाला घेऊ देणार नाही." मग दादाकडे वळून त्याने विचारलं, "तुम्ही खेळलात तरी का हो यावर?"

"तपासायला. एकेक गोळी."

"सव्वीस वर्षांत?"

"काम झालं की नाही ते कळायला एक गोळी पुरते."

पारख्याने आकडा सांगितला. त्यात तळमजल्याच्या खोल्या तर सोडाच, खोल्यांचं दारही आलं नसतं. दादाने तो ऐकला आणि मान हलवली, दुकानात भाव ऐकून पिशवीची घडी घालून ठेवतात तशी. निघताना पारखी म्हणाला, "एक आहे. शोभेला ठेवणारे ही यंत्रं घेणार नाहीत, पण खेळणारे असतात. क्लब असतात, कॅफेवाले असतात. त्यांना चालू यंत्र हवं असतं आणि याहून चालू मिळायचं नाही. पण त्यांना प्रत्येकाचा कागद लागतो. काय बदललं, कधी बदललं, का बदललं. तोंडी नको, तोंडी सगळेच सांगतात. तसा कागद असेल तर दुप्पट नाही, पण दीडपट मी मिळवून देईन. तळमजल्याची एखादी खोली भाड्याने घेतलीत तर तीनेक वर्षं निभेल."

"लिहिलेलं काही नाही," दादा म्हणाला. "सगळं डोक्यात आहे."

परतीचा रस्ता लांब नव्हता, तेवढाच होता. पण दादा आता दर शटरापाशी थांबत होता, म्हणून लांबला. वेल्डिंगच्या दुकानापाशी दादा खरोखरच बसला, एका उलट्या डब्यावर. वेल्डरने पाणी विचारलं. ओळखत होता, दर रविवारी बघायचा.

"काका, आज बहिणीला घेऊन?"

"हो. काम दाखवायला."

धाकटीला फार काही बोलावंसं वाटत होतं. रविवारबद्दल, वहिनीबद्दल, टाइलबद्दल. तेहतीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईने दाखवलेल्या, त्यामुळे ते शब्द तिच्या जिभेवर अगदी तयार होते. पण या माणसाला चूक दाखवायची तरी कोणती? काम मन लावून केलं ही? तिने पदराने चेहरा पुसला आणि मनात म्हटलं, देवा, हे तूच तपास. माझ्याच्याने नाही होत.

"ओठ हलतायत तुझे," दादा म्हणाला. "माझ्यासाठी मागतेस का काही?"

"तुझ्यासाठी मागून मागून थकले. आता वहिनीसाठी मागतेय."

"बरं आहे. तिचं आधी."

घराखाली पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. वहिनी खिडकीतच होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, गुडघे तसे असताना. दोघं दिसताच कप्पी करकरली आणि टोपली खाली आली. आत पाण्याची बाटली आणि दोन पेले, फडक्यात गुंडाळून. चढण्याआधी घोटभर प्या, हे तिने न सांगता पाठवलं होतं.

"काय म्हणाला तो?" तिसऱ्या मजल्यावरून वहिनीने विचारलं. "सवती चालल्या की नाही?"

समोरच्या गॅलरीतल्या दोघी तिघी वळून बघायला लागल्या. धाकटीने मान वर केली. खोटं तिला येत नव्हतं आणि खरं इतक्या उंचावर ओरडून सांगायचं तिच्या जिवावर आलं. तेवढ्यात दादाने तिचं कोपर धरलं.

"इथून नको. वर जाऊन मी सांगतो."

"नुसतं 'बघू' म्हणशील."

"नाही म्हणणार. घर होत नाही म्हणून सांगेन. खोली होईल, भाड्याची, तेही सांगेन." तो पहिल्या पायरीवर बसला. पाणी प्यायला, पेला टोपलीत ठेवला आणि दोरीला दोनदा हिसका दिला. टोपली वर निघाली. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "करकरतेय. तेल घालायला हवं."

"घाल की मग. त्यासाठी इतकं लांब चालत जावं लागत नाही."

त्याने ते ऐकून घेतलं. मग हात पुढे करून दाखवले. बोटं थरथरत होती, चालून आलेल्या माणसाची थरथरतात त्यापेक्षा जास्त. "यांनी स्क्रू पिळता येतो अजून. लिहिता येत नाही. तुझं अक्षर चांगलं आहे. उद्यापासून येशील का दुपारची? खोलीवर नाही, इथेच, वर. तिच्यासमोर बसू. मी एकेक यंत्र सांगत जातो, कधी आणलं, काय काढलं, काय बसवलं. तिलाही एकदा कळू दे मी रविवारी काय करत होतो. तू लिही. नऊ कागद होतील."

"येईन."

"आणि मास्तरीण, सुधारून लिहू नकोस. फोडले तिथे फोडले असंच लिही. हरवले लिहू नकोस."

"आणि त्या काचेवरच्या नाकाचं?"

दादाने कठड्याला धरून स्वतःला उभं केलं. वर बासष्ट पायऱ्या होत्या.

"नाक नवीन, एवढंच लिही," तो म्हणाला. "कुणाचं ते लिहू नकोस. ते तिला माझं मला सांगू दे."