गाईची देवी

चौदाव्या वर्षी मी दहा-बारा दिवस देवी होऊन बसले होते आणि सासूबाईंचे रोज दोन वेळा नमस्कार घेत होते. अकलेचा असा उजेड आमच्या कुळात पुन्हा कुणी पाडला नाही.

कल्याणला सासरी चार गाई होत्या, आणि धार काढायचं काम माझ्याकडे. आषाढाचे आठ दिवस उरले असताना तांबडीच्या सडांवर पुटकुळ्या दिसल्या. मला वाटलं, माझीच नखं लागली. सांगितलं तर बोलणी बसतील, म्हणून गप्प राहिले. चार-पाच दिवसांत तशाच पुटकुळ्या माझ्या बोटांवर उठल्या, काखेत गोळा आला, अंग तापलं. तेव्हा तरी बोलावं की नाही? पण सासूबाईंनी बोटं पाहिली, दोन पावलं मागे सरल्या आणि हात जोडले. देवी आल्या, म्हणाल्या.

त्या घरात माझ्यापुढे कुणी हात जोडेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. मोठी शहाणी!

गोठ्याशेजारच्या खोलीत मला निजवलं, दाराला कडुलिंब बांधला. घरात फोडणी बंद, मामंजींची हजामत बंद. देवीला काय हवं असं विचारलं की मी सायीचं दही सांगायची. अंगावर मात्र काही उठेना. उठतील सावकाश, असं सासूबाई दारातूनच म्हणायच्या, दही ठेवायच्या आणि निघून जायच्या. दोन दिवस मजा वाटली. मग पलीकडे जावा हसल्या की मी भिंतीला कान लावू लागले. देवीशी गप्पा कोण मारणार?

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दादा मला न्यायला टिटवाळ्याहून आला. वर्षातून तेवढंच माहेर मिळायचं. आवाज ऐकून मी दाराशी गेले. मामंजींनी त्याला अंगणातच थांबवलं होतं. लांबून तरी तिला बघू दे, आईला काय सांगू, असं तो म्हणत होता. मामंजींनी विचारलं, देवी आईकडे घेऊन जायच्यात का?

गाईच्या आहेत, एवढं ओरडले असते तर काम झालं असतं. दाराला कडीसुद्धा नव्हती. पण इतके दिवस वडीलधाऱ्यांचे नमस्कार घेतलेले. कुठल्या तोंडाने बोलायचं? मी पदर तोंडात धरून उभी राहिले. दादा गेला. आईने पाठवलेल्या लाह्या त्याने ओट्यावर ठेवल्या होत्या, त्या नैवेद्य म्हणून माझ्याच पुढे आल्या. एकटीने खाल्ल्या. सादळल्या होत्या.

पंचमीनंतर तिसऱ्या दिवशी सासूबाई सरळ आत येऊन माझ्या अंथरुणावर बसल्या. माझ्यामागे धारा त्याच काढत होत्या. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर तशाच पुटकुळ्या. मग मी सगळं सांगून टाकलं. दादा आला तेव्हा दाराशी उभी होते, हेसुद्धा. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या आपल्या अंगठ्याकडे बघत म्हणाल्या,

"ऊठ. बाकीच्या तिघींची धार आधी काढ, तांबडीची शेवटी. तिच्या सडांना लोणी-हळद लाव आणि हात कढत पाण्याने धू. भाऊ आता पुढच्या पंचमीला येईल."