शेवटच्या दोन पानांतली रेघ

आमच्या ह्यांची चित्रकथा मासिकाच्या शेवटच्या दोन पानांवर यायची, त्यामुळे मी मासिक नेहमी मागून उघडायची. पुढे कृष्णविवरांवर कोणी काय अक्कल पाजळलीय त्याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. विज्ञानकथांच्या वेडापायी जमलेल्या माणसांनी पदरमोड करून चालवलेलं ते मासिक. थोड्या प्रती छापायचे, बाकीच्यांना मोबाईलवर पाठवायचे. डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत गॅसच्या ओट्याला लागूनच ह्यांचा ड्रॉईंग बोर्ड, पण काढताना बघायचं नाही असा ह्यांचा कायदा. माझ्या कपाळावर आठी दिसली की ह्यांचा हात अडतो म्हणे. म्हणजे माझ्या घरातली गोष्ट मीसुद्धा बाकीच्यांसारखी महिन्यातून एकदाच वाचायची.

गोष्ट अशी, की एक अख्खी चाळ अंतराळयानात बसून निघालीय. बिल्डरने दुसऱ्या ग्रहावर मोठ्या खोल्या कबूल केल्यात आणि तोवर हे यान म्हणजे ट्रान्झिट कॅम्प. पिढ्या उलटल्या तरी ग्रह काही येत नाही. यानात पाणी सोडायचं काम एका बाईकडे आहे आणि ती सगळ्यांना फटकारत असते. मासिकवाले मला विचारायचे, वहिनी, ही तुम्हीच ना? मी म्हणायची, माझं नाक एवढं बसकं नाही.

मग एका अंकात रेघ हलली. यानाच्या भिंती, बाईच्या साडीचे काठ, सगळं पाण्याखालचं असल्यासारखं दिसत होतं. आणि माणसं बारकी झाली होती. मोठी रिकामी चौकट आणि कोपऱ्यात मुंगीएवढी बाई. मला वाटलं, छापणाऱ्याने घोळ घातला. पण मोबाईलवरच्या त्यांच्या ग्रुपवर नुसता धुरळा. एक म्हणाला, यान ग्रहाच्या ओढीत सापडलंय, म्हणून रेघ थरथरतेय. दुसरा म्हणाला, माणसं आकसतायत हाच पुरावा. एकाने तर जुने अंक काढून बाईची उंची पट्टीने मोजली. हे हुरळून गेले. मला म्हणाले, हे तर मलाही सुचलं नव्हतं. पुढच्या भागात त्यांनी बाईच्या तोंडी वाक्यच घातलं की आपण सगळे लहान होत चाललोय.

मला मात्र हसू येत नव्हतं. शर्टाचं बटण लावायला ह्यांना हल्ली माझी मदत लागायची. चहा कपात कमी आणि बशीत जास्त. चालताना उजवा हात अंगाला चिकटलेला, काखेत छत्री धरल्यासारखा. शेवटी भांडून त्यांना परळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि एक ओळ लिहायला सांगितली. सुरुवातीची अक्षरं बरी आली, मग प्रत्येक अक्षर मागच्यापेक्षा लहान होत गेलं. डॉक्टर म्हणाले, कंपवात. पूर्ण बरा होणार नाही, पण गोळ्या वेळेवर घेतल्या तर चांगले चालतील-फिरतील, आणि आपल्या मनाने गोळ्या बंद मात्र करू नका, ते धोक्याचं आहे. मला ती पट्टीने मोजलेली बाई आठवली आणि तिथेच रडू फुटलं. आम्ही सगळे महिनोन्‌महिने ह्यांचा आजार वाचत होतो आणि वा वा करत होतो.

ग्रुपवर कोणाला कळता कामा नये, अशी ह्यांनी मला शपथ घातली. कीव करायला लागतील, म्हणाले, मग कोणी खरं बोलणार नाही.

गोळ्या लागू पडल्या. बटणं स्वतः लावायला लागले. रेघही पूर्वीसारखी आली, आणि तिथेच माशी शिंकली. घोडपदेवचे एक निवृत्त बँकवाले होते, त्या सगळ्यांतले जाणकार वाचक. त्यांनी लिहिलं, रेघ साफ झाली आणि गोष्ट थंड पडली. जीव होता तो त्या थरथरण्यातच होता. त्याखाली भराभर अंगठे पडले. त्या दुपारी हे अर्धी भाकरी टाकून उठले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण लोकांना बोलणार काय? त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!

नंतरच्या अंकाचं शेवटचं पान उघडलं. रेघ पुन्हा हलत होती. माणूस तर घरात बरा दिसत होता. फक्त चित्र काढायच्या आठवड्यात ढेपाळला होता, गॅलरीत पडलाही होता, आणि फरशी ओली होती असं मला सांगितलं होतं. मी त्यांचा ब्रशांचा डबा उपडा केला. तळाशी न घेतलेल्या गोळ्या होत्या.

डोक्यात तिडीक गेली. नको नको ते बोलले. ते शांतपणे ऐकत बसले आणि मग म्हणाले, "गोळीने मी बरा होतो गं. चित्र बरं होत नाही."

"मला चित्राशी संसार करायचा नाहीये," मी म्हटलं.

त्यानंतर चित्राचा आठवडा आला की गोळ्या बंद, हे उघड उघड सुरू झालं. हातात दिली तरी घ्यायचे नाहीत. आमचं बोलणं जेवायला वाढू का एवढ्यावर आलं.

अशाच एका आठवड्यात दादरला मासिकवाल्यांचा मेळावा आला. रविवारी एका शाळेचा वर्ग मागून घेतात. ह्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून मी गेले. कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, सर, ती रेघ कशी काढता, दाखवाल? ह्यांनी पेन हातात घेतलं आणि हात नुसता टेबलावर ठेवला. हात आपोआप हलायला लागला. पेन टेबलावर टकटक वाजत होतं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पाच-सहा मोबाईल वर गेले. हे उठायला गेले तर पाय उचलेना, जमिनीला खिळल्यासारखे तसेच वाकून उभे. मोबाईल चालूच.

माझ्याच्याने राहवलं नाही. "बंद करा ते," मी म्हटलं. "कंपवात आहे ह्यांना. तुम्हाला आवडावं म्हणून गोळ्या सोडल्यात."

मोबाईल खाली आले. बँकवाले काका पुढे आले, ह्यांच्या खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं आणि तिथेच बाजूला उभे राहिले. मी पर्समधली गोळी काढली. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की शत्रूकडेही कोणी बघू नये, पण घेतली.

त्या दिवसापासून गोळ्या चुकल्या नाहीत. जिंकले मी. पुढच्या अंकात रेघ सरळ आली आणि ग्रुपवर कौतुकाला नुसता ऊत. अप्रतिम, वा, काय ती सफाई. बँकवाल्या काकांनी लिहिलं, हा आजवरचा सर्वोत्तम भाग. ह्यांनी प्रत्येक ओळ वाचली आणि मोबाईल पालथा घातला. मेळाव्यानंतर माझ्याशी धड बोलले नव्हते.

"तू सांग," म्हणाले.

खोटं बोलायचं मी ठरवूनच बसले होते. एक चांगला शब्द टाकला असता, तर माणूस बरा राहिला असता आणि घरही. पण ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, की ओठांवर आलेलं वाक्य गिळावं लागलं.

"नाही आवडलं," मी म्हटलं. "बाई नुसती उभी आहे. जीव नाही तिच्यात."

"नाहीच आहे," ते म्हणाले. आवाज पडलेला होता, पण माझ्याशी बोलत होते. घड्याळाकडे बघून त्यांनी स्वतःच गोळी काढली आणि माझ्याकडे पाणी मागितलं.