कंडक्टरीणबाईचा येलदरीचा मुक्काम

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक तंबू पिशवीत घालणं, आणि तेही जमलं नाही. तंबू पोरानं पुण्याहून पाठवला होता. पिशवीची चेन उघडली तसा तो हातातून उडाला आणि अंगणात आपला आपण उभा राहिला. काढायला काही कष्ट पडले नाहीत, परत घालण्यात सगळी संध्याकाळ गेली. ही इकडून दाबायची, मी तिकडून. एक बाजू बसली की दुसरी उठायची. शेवटी ही त्याच्यावर चढून बसली, तर त्यानं हिला उचलून तुळशीकडं टाकलं. मी हसलो. ती लुगड्याची माती झटकत म्हणाली, "तुमच्या भावकीसारखा हाय ह्यो. एकाला बसवावं तर दुसरा उठतोय." मग तसाच उभा तंबू आम्ही गोठ्यात नेऊन ठेवला. म्हैस आत जाईना. ती बाहेरच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ही रानातून आली, ओसरीवर टेकली, पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन आलो तोवर ती गेली होती. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पण ती माणूस म्हणून कशी होती ते लिहिता येईल, कारण ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. चुकलं तर लोक सांगतील.

गल्ली तिला कंडक्टरीणबाई म्हणायची. तिनं आयुष्यात एक तिकीट फाडलं नाही, पण एसटी असो, जीप असो, लग्नाची पंगत असो, ही आली की पहिला शब्द, "सरका की जरा, लय जागा हाय." लोक सरकायचे. जागा नसली तरी सरकायचे. एकदा राणीसावरगावहून गंगाखेडला जाताना रस्त्यात उभं दिसलेलं एकेक माणूस तिनं जीपमध्ये असं घेत नेलं की ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर गेला. तो वैतागून म्हणाला, "मावशे, आता गाडी तूच चालव." ही म्हणाली, "चालवते की. पन मंग तुला जागा ऱ्हात न्हाई."

येलदरीचं खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं, तर एका लग्नाहून परत आल्यावर. पाय चेपत बसली होती. म्हणाली, "आवो, आपुन घराबाहेर निजलाव ते कवा कवा? लग्नाला, मयताला, न्हाईतर दवाखान्यात. कारन नसताना कुठं एक रात निजलाव का?"

मी म्हटलं, "कारन नसताना मानूस बाहेर कशाला निजंल? येडा हाय का?"

"मंग मला एकदा येडं व्हायचंय," ती म्हणाली आणि पोराला फोन लावायला सांगितला.

पोरगा दत्ता पुण्याला कंपनीत आहे. त्याच्यापेक्षा सूनबाईनं ते मनावर घेतलं. तिनंच येलदरी काढली. मोठं धरण, पुढं पाणीच पाणी, काठाला तंबू ठोकायचे, शेकोटी करायची, दोन दिवस मुक्काम. येळवस झाली की लेकरांच्या सुट्टीत जायचं ठरलं. माणशी एक पांघरूण, एक बॅटरी, डासांची उदबत्ती, बाकी काही आणू नका, असं सूनबाईनं फोनवर सांगितलं. ही सगळ्याला हो हो म्हणाली. फोन ठेवला आणि पाटा-वरवंटा काढून धुवायला बसली.

"हे कुठं नेतीस?" मी विचारलं.

"चटनी कशावर वाटू?"

"धरणावर दगडं न्हाईत का?"

"हाईत. पन वळखीची न्हाईत."

आता खरा घोटाळा सांगतो. आमच्याकडं येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायचं, मिसळीच्या भाजीची भज्जी आणि ताकाची आंबील घेऊन बसायचं आणि बांधावरून जो जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख असो नसो. हाक मारलेल्यानं नाही म्हणायचं नसतं. उघड्यावर जेवायची हिला ती एकच रीत ठाऊक. त्यामुळं गिरणीत, पाण्याच्या टाकीवर, दवाखान्याच्या रांगेत, जो भेटेल त्याला ही सांगत सुटली, "येलदरीला चाललाव आमी. या मुक्कामाला." आणि लोकांनाही तीच रीत ठाऊक. जो तो हो म्हणाला.

सूनबाईला कुणकुण लागली. तिनं फोनवर विचारलं, "आई, आपण किती जण आहोत नक्की?"

"घरचीच हाईत बाई."

"घरची म्हणजे?"

"आपल्या गल्लीतली."

सूनबाईनं तिकडं डोकी मोजली असतील. मग म्हणाली, "आई, तंबू चार माणसांचा आहे हो."

"ती पुन्याची चार धरली असतील. आपली मानसं दाटीनं निजायला शिकलीत."

मी तिला त्या रात्री जेवताना झापलं. म्हटलं, ही सहल हाय का वरात? ती भाकरी मोडत म्हणाली, "वरातीत नवरा गप असतोय."

आपला रसूल टेम्पोवाला यायला तयार झाला. पण एवढी माणसं मावतील का म्हणून हिनं तालीम घ्यायची ठरवली. एका दुपारी टेम्पो गल्लीत उभा केला आणि सगळ्यांना आपापल्या गाठोड्यासकट वर चढवलं. कुणी कुठं बसायचं, कुणाचे पाय कुणाच्या अंगावरून जातील, म्हाताऱ्यांना केबिनच्या पाठीला, खोडकर लेकरं दोन बायांच्या मध्ये. सगळे बसले. आणि एकदा बसल्यावर कुणी उतरेना. कुणी चिवडा सोडला, कुणी शेंगा. शेजारची गोदाबाई पदर तोंडाला लावून कण्हायला लागली. तिला गाडी लागली होती. रसूल खाली उभा राहून म्हणाला, "चाची, अब्बी तो इंजिन बी चालू नै कऱ्या मैं."

ही वरून म्हणाली, "तुजं नसंल केलं. तिचं झालंय चालू." आणि गोदाबाईला लिंबू हुंगायला दिलं.

मी घरात बसून हे सगळं खिडकीतून बघत होतो. मला बोलावलं होतं, मी गेलो नाही. म्हटलं उभ्या टेम्पोत बसायला मी काय खुळा आहे. आता वाटतं बसायला पाहिजे होतं. तेवढाच प्रवास झाला तिचा.

ती गेली आणि येलदरीसाठी राखून ठेवलेली दत्ताची रजा तिच्या दिवसांत सरली. तेरवीच्या दुपारी पंगती उठल्यावर रसूल दारात येऊन उभा राहिला. चप्पल काढली, आत येईना. म्हणाला, "चाचा, उद्याचं कसं करायचं? चाचीनं उद्याची तारीख धरली होती." कुणी मोडलंच नव्हतं. आवतण हिनं तोंडानं दिलेलं, ते मोडायला हीच पाहिजे होती.

दत्ता मला दादा म्हणतो आणि आईला बाई. तो म्हणाला, "दादा, मी अजून एक दिवस काढतो. जाऊ आपण. बाईचा फोटो नेऊ, हार घालू, पाण्यात दिवा सोडू. तिच्या नावानं होऊन जाईल."

सूनबाईनं डोळ्याला पदर लावला. सगळ्यांना पटलं. मला पटलं नाही.

मी म्हटलं, "फोटो नेला की ते मयताला गेल्यागतच झालं. ती त्यालाच कंटाळली होती."

"मग तिनं ठरवलेलं तसंच सोडून द्यायचं?" दत्ताचा आवाज चढला.

आपल्या पोराला काय सांगावं ते मला पहिल्यापासून वेळेवर सुचत नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते पुण्याला गेले. जाताना तो पाया पडला आणि तसाच गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं आणि गल्लीत एकेक दार वाजवत गेलो. पहिलं गोदाबाईचं. म्हटलं, "चला, आवरा. टेम्पो यायलाय."

ती दारातच थबकली. "भाऊजी, आसं कसं जावं? दुखवटा हाय."

"दुखवटा माझ्या घरी हाय. तुमच्या घरी कोन मेलंय? तिनं या म्हनलं, तुमी हो म्हनलं. येळवशीला हो म्हनून कुनी घरी बसतंय का?"

"लोक इचारतील की, कशाला गेलता?"

"कशाला न्हाई म्हनून सांगायचं."

"आन् तुमी?"

"मी आलो तर पान्याकडं तोंड करून बसंन. तुमची भाकर गोड लागायची न्हाई."

तिनं पदर खोचला. मग खरी अडचण सांगितली. "शेळ्यांचं कसं?"

"मी बघतो."

"तुमी?"

"मी."

दारोदारी तेच. दुखवटा एका वाक्यात संपायचा, शेळ्यांना चार वाक्यं लागायची. उन्हं गल्लीत उतरली तोवर टेम्पो भरला. सगळे मान खाली घालून बसले होते, जणू मलाच पोचवायला निघालेत. तेवढ्यात मागच्या फाळक्याजवळच्या जागेवरून दोघींचं लागलं. एकीनं दुसरीचं गाठोडं ढकललं, तिसरी मध्ये पडली, गोदाबाईनं निघायच्या आधीच लिंबू मागितलं. रसूलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "ने आता. भांडायलेत म्हंजी जातील."

टेम्पो गंगाखेडच्या रस्त्याला लागला. गल्लीत माणूस म्हणून मी एकटा आणि दावणीला सगळ्यांच्या शेळ्या. कुठली कशात पाणी पिते ते सांगायला कुणाला सुचलं नव्हतं, मलाही विचारायला सुचलं नव्हतं. मी बादली भरली आणि कडेच्या घरापासून सुरुवात केली. गोदाबाईची काळी शेळी काही केल्या तोंड लावेना. मी तिच्यापुढं बादली धरून उंबऱ्यावर बसलो. बऱ्याच वेळानं ती प्याली. मग उठून पुढच्या दाराला गेलो.