दुरुस्तीवाल्या अक्का

चोपड्याच्या बसस्टँडसमोर माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एका बाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सगळे त्यांना अक्का म्हणतात. गिऱ्हाईक 'फोनमध्ये व्हायरस शिरलाय' म्हणालं की अक्का चिडतात. फाइलींना चिकटून पसरतो तो व्हायरस, लग्नपत्रिकेचं सोंग घेऊन येतो तो ट्रोजन, फोटो कुलूपबंद करून खंडणी मागतं ते रॅन्समवेअर, असं त्या स्क्रू फिरवता फिरवता ऐकवतात. समोरच्याला ऐकायचंय की नाही, हे बघत नाहीत.

एकदा खेड्यातली एक नवी सून आली. फोन तापतो, चार्जिंग टिकत नाही, म्हणाली. अक्कांनी बराच वेळ तो तपासला, मग बंद करून बाजूला ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "यामा हेरगिरीनं ॲप शे. तुनं बोलनं, तू कोठे जास, बठ्ठं दुसऱ्या फोनवर दिसस. हाऊ फोन कोनी दिन्हा?"

"त्यास्नीच," ती म्हणाली. म्हणजे नवऱ्यानेच.

"काढी टाकू?"

"नको अक्का. त्यास्ले समजी जाई."

अक्कांनी ॲपला हात लावला नाही. स्वतःचा फोन तिच्या हातात दिला, "मायसंगे बोली ले," म्हणाल्या आणि तिच्याकडे पाठ करून माझ्या पायरीवर येऊन बसल्या.

आता दर बाजाराच्या दिवशी ती तो फोन दुरुस्तीला घेऊन येते. अक्का तो बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवतात, आणि ती पोटभर आईशी बोलते.