सिस्टरांनी निवडलेला प्रेस

सिस्टर कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्याशी भांडायच्या, असंच म्हणावं लागेल. वडवणीच्या आठवडी बाजारात खाट घ्यायची, तर आधी तिच्यावर बसून हलणार, मग उतरून चारही पाय ओढणार, मग ती उलटी करून खालचे सांधे बघणार. दुकानदार वैतागून म्हणायचा, "सिस्टर, घ्यायची हाय का मोडायची?"

"हितं मोडली तर तुजी, घरी मोडली तर माजी," सिस्टर म्हणायच्या. आजूबाजूचे हसायचे. त्या मात्र सांधेच बघत असायच्या.

मी सरकारी दवाखान्यात नवी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा त्या तिथल्या मोठ्या सिस्टर होत्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा पुण्याला नोकरीत. सासऱ्यांनी रानडुकरांसाठी घेतलेली रायफल परवान्यासकट सिस्टरांच्या नावावर झाली होती. त्यांनी शेत बटाईनं दिलं आणि रायफल ठेवून घेतली. चाळिशी उलटल्यावर नेमबाजी शिकल्या, रविवारी सरावाला जाऊ लागल्या. सोबतीला मी असायचे. बंदुकीतलं मला काही कळत नसे, पण त्या नेम धरून आडव्या पडल्या की शेजारचे पुरुषही बोलायचे थांबत. कुणीतरी एकदा विचारलं, "बाईमाणसाला कावून लागती बंदूक?" सिस्टरांनी मान न वळवता सांगितलं, "नेम माणसाचा असतो. बाईचा-गड्याचा न्हाई."

अडचण होती काडतुसांची. संभाजीनगरच्या दुकानात ती कधी असायची, कधी नसायची, आणि मिळाली तरी एका डब्यातली सगळी सारखी नसायची. "सख्खी भावंडं म्हनायची, आन एक वर जातं, एक खाली," सिस्टर म्हणायच्या. "माजं काय चुकलं आन त्येंचं काय चुकलं, कळंना." निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, रिकामी पितळी कवचं घरीच पुन्हा भरायची. त्यासाठी सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि लागतो तो प्रेस. म्हणजे टेबलाला बोल्टनं आवळायचं, हातानं दांडा ओढून चालवायचं एक लहानसं यंत्र. गोळी उडाल्यावर फुगलेलं कवच ते दाबून मापात आणतं, पुढं नवी गोळी बसवतं.

परवानगीचा अर्ज गेला. चौकशी झाली. साहेब बदलले, पुन्हा चौकशी झाली. मधे निवडणुका आल्या, निकालापर्यंत रायफलच ठाण्यात जमा झाली. त्या वाट बघण्यात सिस्टर प्रेस निवडत राहिल्या. इंग्रजी माहिती मी वाचून सांगायची आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. मी म्हणाले, "सिस्टर, हा बघा, एका ओढीत चार कामं करतो. वेळ वाचेल."

"तू एकदम चार पेशंटला इंजेक्शन देतीस का?" त्यांनी डोळे उघडले. "एका येळंला एकच काम करनारा बघ. चूक झाली तर कुटं झाली, ते तरी कळतं."

मग चौकट. समोरून उघडी असली तर हात घालायला सोपं, मला तीच आवडली. सिस्टर म्हणाल्या, "जोर आला की ती तोंड वासनार. चारी बाजूनं बंद बघ." हलक्या धातूचा नको, ओतीव लोखंडाचाच हवा. दांडा लांब हवा, म्हणजे खांद्यावर ताण येत नाही. इतकं निवडून मी माझ्या लग्नाचा मुलगाही पाहिला नव्हता.

काही वर्षांनी परवानगी आली तेव्हा त्यांनी पेढे वाटले. प्रेस आला. सुताराकडून जाड टेबल करून घेतलं, बोल्ट स्वतः आवळले. "बंदुकीच्या दारूला आत्ताच हात लावायचा न्हाई. आदी रिकामी कवचं," म्हणाल्या. मी समोर बसले होते. त्यांनी एक कवच उचललं आणि ते जागेवर बसवायला गेल्या. कवच कडेला आपटलं. पुन्हा नेलं, पुन्हा आपटलं. चष्मा पुसला, दिवा जवळ घेतला. तिसऱ्यांदा ते हातातून निसटून फरशीवर घरंगळत गेलं. मी उचलून दिलं. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "चार-सहा म्हैन्यापासून व्हतंय. सकाळी जास्त असतं."

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी बरं वाटेल, पण आजार थांबणार नाही, असंही सांगितलं. एसटीत सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "दारूच्या मापात गुंजभर फरक पडला तरी बंदुकीची नळी फुटती. मला म्हाईत हाय."

मी परवान्याच्या कचेरीत गेले. कवचं मी भरते, सिस्टर शेजारी बसून सांगतील, असं चालेल का, म्हणून विचारलं. क्लार्क भला माणूस होता. त्यानं कागद नीट वाचला आणि म्हणाला, "परवानगी बाईंच्या नावानं हाय, ताई. दुसऱ्याचा हात चालनार न्हाई." मग कागद परत देत म्हणाला, "इतकी वर्सं लागली म्हना की."

मी घरी जाऊन सांगितलं. सिस्टरांनी ऐकून घेतलं. "बरोबर हाय त्येचं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं, चिडतील, कचेरीत येऊन भांडतील. खाटेशी भांडणारी ही बाई या वेळी भांडलीच नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

लातूरच्या एका नेमबाज शिक्षिकेला तशीच परवानगी मिळाली होती. प्रेस तिलाच द्यायचा ठरवून सिस्टरांनी तिला बोलावून घेतलं. बोल्ट मी सोडले. सिस्टर सांगत होत्या, हीच चौकट का, हाच दांडा का. ती बिचारी माना डोलावत होती आणि शेवटी तिनं विचारलं, "तासाला किती भरून होतात हो?" सिस्टरांनी सुटलेले बोल्ट तिच्या हातात दिले. मग म्हणाल्या, "जेवडी बरोबर होतील तेवडी."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी रायफल परवान्यासह ठाण्यात देऊन टाकली आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. आजारानं आता त्यांचा आवाज बारीक झालाय, फोनवर बोलणं नीट ऐकू येत नाही. पण माझ्या लेखी आमचा निरोप प्रेस घेऊन लातूरची गाडी गेली त्याच दिवशी झाला.

गाडी वळल्यावर मी चहा केला. सिस्टरांनी कप उचलला, चहा पदरावर सांडला. मी पुढं झाले, तर नजरेनंच थांबवलं. पुन्हा उचलला, पुन्हा सांडला. आयुष्यात त्यांनी मला कधी स्वतःसाठी पाण्याचा तांब्या उचलू दिला नव्हता. त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. मग म्हणाल्या, "धर."

मी कप त्यांच्या ओठांना लावला. दोन घोट घेतले. "साखर कमी हाय," म्हणाल्या. साखर आणायला मी उठू लागले, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. बस तू. असाच धर."