बारा वर्षांचं इंजिन

ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास आला की मला आमच्या विमानाची शेड आठवते. नगरबाहेर, उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली वडिलांच्या दोन आसनी विमानाचं इंजिन उघडं पडलं होतं आणि भिंगारचा मेकॅनिक हात पुसत विचारत होता, "वरवरची दुरुस्ती केली तर दोन वर्षं जाईल. पूर्ण खोललं तर बारा वर्षं बघायला नको. काय करायचं, साहेब?" वडील म्हणाले, "वरवरचीच कर. दोन लई झाली." पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं होतं ते घरात त्यांच्याशिवाय फक्त मला ठाऊक होतं. आई चहा घेऊन आली होती. त्या विमानाला ती जन्मभर सवत म्हणायची, त्यात तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिनं वडिलांकडे बराच वेळ पाहिलं, कप खाली ठेवला आणि मेकॅनिकला म्हणाली, "बारा वर्षांचंच करा." इंजिन खोलायला गेलं. नव्या फळ्यांच्या पेटीत बंद होऊन इंजिन परत आलं, तेव्हा त्यांचा दहावा होऊन गेला होता. ती पेटी आम्ही अजून उघडलेली नाही. परवा विमान बघायला एक गिऱ्हाईक आलं. त्यानं विचारलं, इंजिनाची किती वर्षं उरलीत? आई म्हणाली, "सगळी."